दुधाचा आकडा आणि गाईचा गुण

गाय विकत घ्यावयास निघालेला मनुष्य दावणीपाशीं जातांच पहिला प्रश्न विचारतो तो "दूध किती देते?" हा. मालक आकडा सांगतो, घेणारा त्यांतून मनांतल्या मनांत लिटरभर वजा करतो आणि सौदा ठरतो. नित्याच्या व्यवहाराला एवढें पुरेसें आहे. परंतु त्याच गाईचा गोऱ्हा गांवच्या गाईंकरितां वळू म्हणून ठेवावयाचा झाल्यास हा आकडा अपुराच नव्हे तर फसवाही ठरतो, हें आम्ही स्वतः ठेच खाऊन शिकलों.

सुमारें पंधरा वर्षांपूर्वींची गोष्ट. आम्ही त्या वेळीं नोकरींत होतों. घरची शेती आणि चार गवळाऊ गाई भावाच्या हातीं होत्या. एका तालुक्याच्या गांवीं जनावरांचें प्रदर्शन भरलें होतें. तेथें दुधाच्या चढाओढींत पहिल्या आलेल्या गाईचा दीड वर्षाचा गोऱ्हा आम्हीं चांगली किंमत देऊन आणला. त्याच वर्षीं आमच्या घरच्या एका गाईचा गोऱ्हा आम्हीं खच्ची करून औताला लाविला. कारण त्याची आई रोजच्या तीन लिटरांवर कधीं गेली नव्हती. विकत आणलेल्या वळूनें गांवांत चार वर्षें काम केलें. त्याच्या कालवडी व्याल्या तेव्हां दूध पाहून ज्याच्या त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मागाहून चौकशी करतां कळलें कीं, ती बक्षिसाची गाय मालकाच्या बागायती गोठ्यांत वेगळी बांधलेली असे, तिला सरकीची ढेप हात न आखडतां मिळे, आणि ती पांचव्या वेताची होती. आमची तीन लिटरांची गाय पहिलारू होती, भर वैशाखांत व्याली होती आणि कुटार व रानांतलें चरणें यांवर जगत होती. यांपैकीं कोणती गोष्ट आम्हीं हिशेबांत धरली होती? एकही नाहीं. ढेपेचा पराक्रम आम्ही रक्ताचा समजून बसलों, आणि ज्याची निदान परीक्षा तरी व्हावयास पाहिजे होती तो गोऱ्हा औताला गेला. गेलेली चार वर्षें कोणी परत देत नाहीं.

वास्तविक ही चूक आमच्याकडून व्हावयास नको होती. आमची उभी हयात महसूल कचेरींत गेली, आणि त्या खात्याचें निम्में गणित याच एका गोष्टीवर उभें आहे. वर्धा जिल्ह्यांतील शेतकऱ्यास काळी, मोरांड, खरडी आणि बरडी हीं नांवें शिकवावयास नकोत. हिंगणघाट-समुद्रपुराकडील भारी काळींत आलेला कापूस आणि कारंजा-आष्टीकडील टेकाडावरच्या बरडींत आलेला कापूस यांचीं एकरी वजनें शेजारीं शेजारीं मांडून "पहिला शेतकरी अधिक कसबी" असा निकाल कोणी देणार नाहीं. जुन्या मध्यप्रांताच्या बंदोबस्तांत जमिनीच्या प्रत्येक प्रतीस एक अंक लावून सर्व जमिनी एका मापांत आणीत आणि मगच आकारणीची तुलना करीत. जमिनीचें देणें जमिनीच्या खातीं, पावसाचें पावसाच्या खातीं. उरेल तें कसणाऱ्याच्या हातचें. जी गोष्ट आम्ही सातबाऱ्याच्या बाबतींत रोज पाळीत होतों, ती दावणीपाशीं गेल्यावर साफ विसरलों.

गाईच्या दुधांतही असेच अनेक भागीदार असतात. गोठा, म्हणजे चारा, पाणी व निगा, हा सर्वांत मोठा. मग साल आणि ऋतु: हिवाळ्यांत व्यालेली गाय आणि उन्हाळ्यांत व्यालेली गाय यांचें दूध सारखें पडत नाहीं. मग वेत: पहिल्या वेतापेक्षां तिसऱ्या-चौथ्या वेताला दूध वाढतें, हें लहान पोरही सांगेल. शिवाय किती दिवस दूध काढलें, दिवसांतून किती वेळां काढलें, या गोष्टी आहेतच. या सर्वांचा वांटा नोंदींतून वजा केल्यावर जो आकडा राहतो त्यास पशुपैदासशास्त्रांत समायोजित आकडा म्हणतात. हल्लीं तो काढण्यासाठीं संगणकाच्या खास आज्ञावली तयार झालेल्या आहेत. त्या काय करतात आणि काय करूं शकत नाहींत, हें शेतकऱ्यानें समजून घेतलें पाहिजे असें आम्हांस वाटतें. कारण यापुढें आपल्या गाईंना ज्या वळूंचें रेत मिळणार त्यांची निवड अशाच हिशेबांतून होणार आहे.

पूर्वीं वळूची परीक्षा आई व लेक यांचें दूध ताडून होत असे. परंतु आई व लेक एकाच सालीं, एकाच वयाच्या कशा असतील? १९५४ सालीं रॉबर्टसन व रेंडेल या दोघां शास्त्रज्ञांनीं ब्रिटनांत दुसरा मार्ग मांडला: वळूच्या लेकींची तुलना त्याच गोठ्यांत, त्याच काळांत दूध देणाऱ्या त्यांच्या बरोबरीच्या गाईंशीं करावी. पद्धत शहाणपणाची खरी, पण तिच्यांतही एक पेंच राहतो. गोठा चांगला कीं वाईट हें ठरवावयाचें तर त्यांतील गाईंचा गुण माहीत पाहिजे, आणि गाईंचा गुण ठरवावयाचा तर गोठ्याचा वांटा माहीत पाहिजे. ज्या गोठ्यांत आधींपासूनच उत्तम वळूंच्या लेकी भरलेल्या आहेत, तेथें नवीन वळूची चांगली लेकही सोबतिणींत सामान्य दिसते.

हा पेंच अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाचे चार्ल्स हेंडरसन (१९११ ते १९८९) यांनीं सोडविला. त्यांचें म्हणणें असें कीं, दोन्हीं अज्ञात एकाच समीकरणसमूहांत घालून एकदम सोडवावे. म्हणजे गोठा, ऋतु, वेत यांचे वांटेही निघतील आणि प्रत्येक जनावराचें पैदास-मूल्यही निघेल. त्यांत जनावरांचें नातें, बाप-लेक, सावत्र बहिणी, हेंही धरावें, म्हणजे एका गाईच्या नोंदीचा उपयोग तिच्या आप्तांचा गुण जोखण्यास होईल. या रीतीस 'ब्लप' असें आद्याक्षरांचें नांव पडलें आहे. लाख गाई असल्या तर लाखाहून अधिक समीकरणें होतात, आणि नात्याच्या कोष्टकाचें उलट कोष्टक मांडणें हें तर मोठ्या यंत्रासही झेपेना. १९७६ सालीं हेंडरसन यांनींच दाखवून दिलें कीं, तें उलट कोष्टक प्रत्येक जनावराच्या आई-बापांच्या नुसत्या यादीवरून सरळ लिहितां येतें. तेथून ही रीत जगभर पसरली.

अमेरिकेच्याच जॉर्जिया विद्यापीठांतील इग्नासी मिश्ताल व त्यांचे सहकारी यांनीं या गणितासाठीं 'ब्लप-एफ-९०' नांवाचें आज्ञावलींचें एक कुटुंब रचिलें आहे; फोरट्रान-९० या संगणकभाषेंत लिहिलें म्हणून शेवटीं ९०. संशोधनासाठीं तें विनामूल्य मिळतें. यांतील एक आज्ञावली जनावरांना ओळीनें क्रमांक देते, दुसरी समीकरणें सोडविते, आणि 'प्रेडिक्ट-एफ-९०' ही जी आहे तीच आमच्या विषयाची. तिला गाईंच्या मूळ नोंदी आणि आधींच्या आज्ञावलीनें काढलेलीं उत्तरें द्यावयाचीं. ती प्रत्येक नोंदींतून गोठा, ऋतु, वेत इत्यादींचा वांटा वजा करून समायोजित आकडा लिहून देते, आणि हिशेबांत न बसणारी बाकी किती उरली तेंही दाखविते. कोणते वांटे धरावयाचे व कोणते सोडावयाचे हें मात्र चालविणाऱ्यानें सांगावें लागतें. यंत्र आपण होऊन कांहीं ठरवीत नाहीं. आमच्या कचेरींतही हिशेबाचें यंत्र आलें तेव्हां कांहीं मंडळींस वाटलें होतें कीं, आतां चूक होणेंच बंद झालें. चुका बंद झाल्या नाहींत. फक्त त्या सुवाच्य अक्षरांत छापून येऊं लागल्या.

एक उदाहरण घेऊं. आकडे सर्वस्वीं कल्पित आहेत, रीत तेवढी खरी. कपिला ही सेलू तालुक्यांत बोर धरणाच्या पाण्यावर हिरवा चारा मिळणाऱ्या गोठ्यांतली, तिसऱ्या वेताची, हिवाळ्यांत व्यालेली गाय. तिचें एका वेताचें दूध ९०० लिटर. ढवळी ही कारंज्याकडील रानांत चरणारी, पहिलारू, उन्हाळ्यांत व्यालेली. तिचें दूध ६२० लिटर. तिसऱ्या वेताच्या व हिवाळ्यांत व्यालेल्या गाईची जिल्ह्याची सरासरी ६०० धरूं. समीकरणांतून असें निघालें समजा कीं, कपिलेच्या गोठ्याचा वांटा २२० लिटर अधिक, ढवळीच्या गोठ्याचा ६० उणा, पहिल्या वेताचे १०० उणे, उन्हाळी विण्याचे ४० उणे. आतां कपिलेच्या ९०० मधून २२० काढा, राहिले ६८०. ढवळीच्या ६२० मध्यें ६०, १०० व ४० मिळवा, झाले ८२०. दावणीपाशीं कपिला २८० लिटरांनीं पुढें होती, हिशेबाच्या वहींत ढवळी १४० लिटरांनीं पुढें गेली. आमच्या औताला गेलेल्या गोऱ्ह्याची आठवण वाचकांस येथें झाली असेल. आम्हांस तर ती झाल्याशिवाय राहत नाहीं.

तथापि समायोजित आकडा म्हणजे रक्तांतला गुण नव्हे. ८२० या आकड्यांतही ढवळीचें त्या वर्षींचें नशीब, तिची प्रकृति, मोजणाऱ्याचा हात, सर्व मिसळलेलें आहे. दुधाच्या बाबतींत सोबतिणींमधील फरकाचा साधारण चौथा हिस्सा वंशपरंपरेनें येणारा धरितात. म्हणजे सरासरीहून २२० लिटर अधिक असलेल्या ढवळीचें पैदास-मूल्य अजमासें ५५ लिटर, आणि त्यांतील अर्धेंच वासरांत उतरणार, म्हणजे साडेसत्तावीस. हें ऐकून कोणी निराश होईल. परंतु वळूच्या शेकडों लेकी होतात, तेथें साडेसत्तावीस लिटर ही लहान गोष्ट नव्हे. उलट एकाच गाईच्या एका वेतावर भरंवसा टाकून वळू निवडणें किती कच्चें आहे तें यावरून दिसतें.

वळूची परीक्षा त्याच्या लेकींवरूनच पक्की होते, आणि किती लेकींनीं ती पक्की होते याचा एक सोपा ठोकताळा आहे. वरील चौथा हिस्सा धरला तर लेकींच्या संख्येस 'संख्या अधिक १५' या रकमेनें भागावें. पांच लेकी असल्या तर ५ भागिले २०, म्हणजे चार आणे खात्री. पंधरा असल्या तर आठ आणे. पंचेचाळीस असल्या तर बारा आणे. मात्र प्रत्येक लेकीची नोंद एक वेताची आणि सोबतिणींशीं नीट ताडलेली पाहिजे. आमच्या गांवांत आणलेल्या वळूच्या लेकी दूध देऊं लागेपर्यंत त्याची खात्री शून्य आणे होती, आणि बक्षिसाचा कागद आम्हीं सोळा आणे मानला.

आतां या आज्ञावली कोठें अडतात तें सांगतों. आपल्या गवळाऊच्या मुलखासाठीं हा भाग वरच्या सगळ्या गणिताहून अधिक महत्त्वाचा आहे.

पहिली अडचण एकट्या गाईची. ज्या गोठ्यांत त्या काळांत नोंद असलेली एकच गाय आहे, तेथें दूध गोठ्यामुळें आलें कीं गाईमुळें हें ब्रह्मदेवासही सांगतां येणार नाहीं. समीकरण सर्व दूध गोठ्याच्याच खातीं टाकतें आणि गाईची परीक्षा होत नाहीं. वर्धा जिल्ह्यांत दोन-चार गाईंचे गोठे फार. म्हणून शेजारच्या गोठ्यांच्या नोंदी एकत्र धरून गांव आणि ऋतु यांचा गट करावा लागतो. आणि तसें करावयाचें तर शेजाऱ्यानेंही वही ठेविली पाहिजे. एका वळूच्या सर्व लेकी एकाच गांवांत असल्या तरी हीच गत होते: गांव आणि वळू यांची फारकत करतां येत नाहीं. येथें कृत्रिम रेतनाचा एक उपयोग आहे, ज्याकडे फारसें कोणी पाहत नाहीं. उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनीं १९६७ सालीं स्थापन केलेल्या बाएफसारख्या संस्थांनीं हें काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलें, तेणेंकरून एकाच वळूच्या लेकी दहा गांवीं होऊं लागल्या. अशा लेकी म्हणजे गांवागांवांना जोडणारे दुवे होत. त्यांच्यावांचून दोन गांवच्या गाईंची तुलना कोणतीही आज्ञावली करूं शकत नाहीं.

दुसरी अडचण लाडक्या गाईची. मालकानें एकाच गाईला ढेप घातली आणि वहींत कांहीं लिहिलें नाहीं, तर ती ढेप कोणत्या खातीं वजा करावयाची? आज्ञावली ती गाईच्या गुणांत जमा करते. तिसरी अडचण वासराची. आपल्याकडे गाय वासराला पाजल्याशिवाय पान्हा सोडत नाहीं. कोणी एक सड वासराला राखतो, कोणी दोन, कोणी उरलेलें काढतो. वासरानें प्यालेलें दूध मोजमापांत येत नाहीं. एका घरीं वासरूं उदारपणें पाजलें जातें आणि दुसऱ्या घरीं हात राखून. मग उदार घरची गाय हिशेबांत हलकी ठरते.

आणि एक बारीकशी गोष्ट शून्याची. ब्लप-एफ-९० कुटुंबांत, वेगळें सांगितलें नाहीं तर, नोंदीच्या जागीं शून्य असलें म्हणजे 'नोंद नाहीं' असा अर्थ घेतला जातो. आटलेल्या गाईपुढें कोणी शून्य लिहितो, मोजायला गेलोंच नाहीं म्हणूनही कोणी शून्यच लिहितो. पहिल्या शून्यांत माहिती आहे, दुसऱ्यांत नाहीं. यंत्राला दोन्हीं सारखींच. गाय आटली असेल तर आटल्याची तारीख लिहावी, मोजलें नसेल तर रकाना कोरा ठेवून कारण लिहावें. पीक कापणीच्या तक्त्यांत 'पीक बुडालें' आणि 'प्रयोग झाला नाहीं' यांची गल्लत झाल्यामुळें किती पत्रव्यवहार वाढतो, हें आम्हीं पुरेपूर भोगलें आहे.

समायोजित आकड्याचा आणखी एक उपयोग अलीकडे फार वाढला आहे. ५ ऑक्टोबर १९२४ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरच्या त्याच तारखेस, म्हणजे ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं, आपल्या शेजारच्या वाशीम येथें पंतप्रधानांच्या हस्तें गाईंसाठीं 'गौ चिप' व म्हशींसाठीं 'महिष चिप' यांचें लोकार्पण झालें. जनावराच्या रक्ताच्या वा केसांच्या नमुन्यांतील वंशसूत्रांवर हजारों ठिकाणीं कोणतीं अक्षरें आहेत तें ही चिप वाचते, आणि त्यावरून वासरूं लहान असतांच त्याच्या गुणाचा अंदाज करावयाचा असतो. परंतु चिपला दूध ठाऊक नाहीं. कोणतें अक्षर कोणत्या गुणाबरोबर जातें हें ती नोंद ठेविलेल्या हजारों गाईंवरून शिकते. अंदाज खरा कीं खोटा हें पाहण्याची रीतही अशीच आहे: शेवटच्या वर्षांच्या नोंदी झांकून ठेवावयाच्या, जुन्या नोंदींवरून तरुण गाईंचा अंदाज करावयाचा, मग झांकलेल्या नोंदी उघडून ताडून पाहावयाच्या. हें ताडणें कच्च्या दुधाशीं केलें तर चिपची परीक्षा ढेपेशीं होईल. म्हणून तें समायोजित आकड्यांशीं करितात.

गवळाऊची गोष्ट येथें येऊन थांबते. पांढरी, सडपातळ, धांवण्यांत चपळ अशी ही जात वर्धा, नागपूर आणि पलीकडे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या मुलखांतली. एका वेतास सरासरी सुमारें ६०० किलो दूध. जमनालाल बजाज यांनीं १९४१ सालीं वर्ध्यास गोसेवा संघाचें काम अंगावर घेतलें आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं देहावसान होईपर्यंत गोपुरीस राहून तेंच केलें, तेव्हांही प्रश्न हाच होता कीं, बैलासाठीं नांवाजलेल्या या जातींत दूध कसें वाढवावें. पुढें अनेकांनीं विलायती रक्ताचा जवळचा मार्ग धरला. तो का धरला हें आम्ही समजूं शकतों. घर चालवावयाचें असतें. पण जातींतल्या जातींत निवड करून दूध वाढविण्याचा मार्ग खुंटला असें कोणी म्हणत असेल तर तें बरोबर नाहीं. कारण तो मार्ग नोंदींवांचून चालतां येत नाहीं, आणि आपल्या घरोघरच्या गवळाऊ गाईंच्या नोंदी आहेतच कोठें? गणित तयार आहे, आज्ञावली तयार आहे, चिपही आली. वजा कशांतून करावयाचें तो मूळ आकडाच वहींत नाहीं.

म्हणून आमच्या घरीं आतां एक वही आहे. पहिल्या पानावर गाईचा कानांतल्या बिल्ल्याचा बारा आंकडी क्रमांक, तिची आई, तिचा बाप ठाऊक असल्यास तो, रेतनाचा असल्यास वळूचा क्रमांक. पुढें विण्याची तारीख व कितवें वेत. महिन्यांतून एक ठराविक दिवस धरून त्या दिवशीं सकाळ-संध्याकाळ दोन्हीं वेळांचें दूध मापावयाचें, वासराला किती सड राखले तें लिहावयाचें, आणि ढेप किती घातली तें. एका महिन्याच्या ५ तारखेस ४ लिटर व तीस दिवसांनंतर ३.६ लिटर निघालें तर मधल्या तीस दिवसांचें दूध सरासरी ३.८ प्रमाणें ११४ लिटर धरितात. रोज मापण्याची गरज नाहीं. शेवटीं आटल्याची तारीख. विकली वा मेली तर तसें. एका गाईमागें महिन्याला पाव तासही लागत नाहीं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशीं सड न काढतां दूध सांचविण्याची जी युक्ति कांहीं जण करितात, ती या वहींत चालत नाहीं. कारण पुढच्या महिन्याचा आकडा ती लगेच उघडी पाडतो.

वही एकट्याची असून भागत नाहीं, हें वर सांगितलेंच आहे. आमच्या गांवीं सध्यां तीन घरीं ती चालू आहे, मिळून अकरा गाई. चौथें घर दिवाळीनंतर धरूं म्हणतें. त्यांची एक गाय त्याच वळूची लेक आहे ज्याची आमची धाकटी कालवड, आणि ती सुटी राहूं नये म्हणून आम्ही त्यांच्या दारीं खेटे घालीत आहों.